बुधवारी दोन प्रयोग

सोमवार, ९ सप्टेंबर १९९१

माझी बहीण बर्नडीन गेल्या वसंतात मेली. रोज सकाळी तिला फोन लावायचा आणि नवऱ्याला शिव्या घालायच्या, हा माझा जन्माचा नेम. आता शिव्या जायच्या कुठं? पोटात ठेवल्या की पित्त होतं. म्हणून ही वही. नातीनं, मार्नीनं, नाताळात दिली होती. म्हणाली, "आजी, मनातलं लिहून काढत जा." मनात काय मुरंबा घातलाय माझ्या? पण कोरे कागद वाया घालवायची आमच्यात पद्धत नाही.

शाळा मी चौथीत सोडली आणि शर्टाच्या कारखान्यात कॉलरी शिवायला बसले. नीट वाचायला शिकले ते ऑरिनच्या नाटकांतून. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुणाला नाटकी वाक्य सापडलं तर तो दोष त्याचा.

तर बातमी अशी, की माझ्या नवऱ्याला काम मिळालं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ब्रॉडवेवर, आणि मुख्य काम.

ऑरिन प्रॅट हे नाव सांगितलं तर कुत्रं ओळखणार नाही. तोंड दाखवलं तर अख्खी अमेरिका ओळखते. पन्नास वर्षांत त्यानं न्यायाधीश केले, पाद्री केले, बँकेचे मॅनेजर केले. शेरीफ इतके केले की खरा शेरीफ असता तर एव्हाना चौकात पुतळा असता. नाटकात दुसऱ्या अंकात येणार, सिनेमात अर्ध्यात मरणार. घोड्यावरून पडून, विष खाऊन, हिरोच्या मांडीवर डोकं ठेवून. रस्त्यात माणसं अडवतात. "अहो, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय! कोणत्या सिनेमात बरं?" हा टोपी काढतो आणि म्हणतो, "मी तो, जो आधी मरतो." माणसं खूश. नाव कुणी विचारत नाही. मी बाजूला भाजीची पिशवी धरून उभी.

एकच घमेंड आहे त्याला. नट आजारी पडला की इथं कार्यक्रमपत्रिकेत एक पांढरी चिठ्ठी घालतात: आजच्या प्रयोगात अमक्याची भूमिका तमके करतील. ऑरिनच्या नावाची चिठ्ठी आजवर निघालेली नाही. ताप म्हणू नका, दाढदुखी म्हणू नका, मोडलेली बरगडी म्हणू नका. आणखीही एक होतं. ते आज लिहीत नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

नाटक एका फेरीबोटीच्या म्हाताऱ्या कप्तानाचं आहे. मुलगी म्हणते बोट विक, हा म्हणतो नाही. दोन अंक नुसते भांडतात. मला आवडलं. उगाच गळे काढलेले नाहीत.

पाठांतराची आमची पद्धत जुनी. जेवण झालं की टेबल पुसायचं, मी संहिता घेऊन बसायचं. त्याचे संवाद त्यानं म्हणायचे, बाकी जगाचे मी. मी अभिनय करत नाही. वाण्याची यादी वाचावी तसं वाचते. त्याला तेच हवं असतं. या टेबलावर मी राण्या झाले, रांडा झाले, दोनदा खून केले, एकदा तर पडद्यामागचं कुत्रं भुंकतं तेही मीच वाचलं.

पूर्वी आठवड्यात अख्खा अंक तोंडपाठ व्हायचा. आता पहिलं पान चढेना. आज म्हटलं, "लक्ष कुठाय तुझं?"

"हे लिहिलंयच वाईट. जिभेवर बसत नाही."

"दात काढून ठेवलेत ते आधी बसव. मग बघू जीभ."

हसला. मग खिडकीबाहेर बघत राहिला. वाईट लिहिलेलं तर त्यानं जन्मभर पाठ केलं. माजलाय, दुसरं काय. मुख्य काम मिळालं ना.

बुधवार, २ ऑक्टोबर

तालमी सुरू झाल्या. दिग्दर्शक व्हॉस म्हणून एक आहे, मिशीही धड फुटलेली नाही. आज ऑरिनला घरी सोडायला आला आणि कॉफी प्यायला बसला.

"मिसेस प्रॅट, तुमचे यजमान जे पॉज घेतात ना! वाक्य संपतं, आणि पुढचं येतच नाही. सगळे श्वास धरून बसतात. मग ते असे बघतात, जणू हे शब्द त्यांना आत्ताच सापडले. हे शिकवून येत नाही हो."

"मी पण घेते पॉज," म्हटलं, "जिना चढताना."

त्याला कळलं नाही. ऑरिन मात्र कॉफीकडे बघत छान हसला. मला बरं वाटलं. टेबलावर चढत नसलं तरी तिथं उभा राहिला की येतंय तर सगळं. म्हाताऱ्या घोड्याला रस्ता माहीत असतो.

आणि एक नवीन खूळ. नाटकवाले एकमेकांना डार्लिंग म्हणतात. लग्न नवीन होतं तेव्हा मला संताप यायचा. बर्नडीन तेव्हा म्हणाली होती, "अगं, रोज शंभर माणसं भेटतात त्यांना. नावं कुणाची लक्षात राहणार? डार्लिंग म्हटलं की भागतं." घरात मात्र ऑरिननं मला कधी डार्लिंग म्हटलं नाही. नेटी. फार चिडला तर नेटी प्रॅट. हल्ली घरातही सुरू झालंय. "डार्लिंग, मीठ दे." "डार्लिंग, दिवा लाव." काल स्वयंपाकघराच्या दारात येऊन, "डार्लिंग, काय सुरेख वास सुटलाय." कोबी उकडत होते मी. कोबीला सुरेख वास! म्हातारपणी चळला. पण खोटं कशाला लिहू, वाईट नाही वाटलं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

त्या दिवशी टाळलं, आज लिहिते. बुधवार होता म्हणून आठवलं असं नाही. आठवलेलं असतंच.

बुधवारी दोन प्रयोग असतात, एक दुपारी, एक रात्री. साऱ्या ब्रॉडवेची तीच रीत.

वेंडेल आठ वर्षांचा होता. १९५० चा ऑगस्ट. पोहून आला आणि पाय दुखतात म्हणाला. मी म्हटलं, दिवसभर पाण्यात डुंबल्यावर दुखणारच. पोलिओ होता. सोमवारी गेला. बुधवारी सकाळी क्वीन्सच्या दफनभूमीत पुरला. पाद्र्याचं बोलणं संपलं, मूठ मूठ माती टाकून झाली, आणि ऑरिननं घड्याळ बघितलं. दुपारचा प्रयोग होता. विनोदी नाटक. फाटकाशी टॅक्सी उभी करून ठेवली होती त्यानं, मला तोवर माहीत नव्हतं. मी, बर्नडीन आणि आमची धाकटी लोइस, आम्ही बसनं घरी आलो.

दोन्ही प्रयोग केले. चिठ्ठी निघाली नाही. नाटकवाले अजून ती गोष्ट सांगतात, टोपी काढून. असा नट होणे नाही म्हणतात. एकानं तर मला सांगितलं होतं की रात्रीच्या खेळाला नेहमीपेक्षा जास्त हशा आला.

आम्ही त्यावर कधी बोललो नाही. तो विचारता, "मग मी काय करायला हवं होतं?" तर माझ्याकडे उत्तर होतं. माझ्या शेजारी बसायचं होतं. एवढंच. पण त्यानं विचारलं नाही, आणि न विचारता सांगायला मी काय त्याची प्रॉम्प्टर आहे? म्हणजे, आहेच. पण ते टेबलावर.

बटाटे बुडाला लागले.

सोमवार, २१ ऑक्टोबर

मार्नी जेवायला आली. ऑरिननं दार उघडलं आणि दोन्ही हात पसरून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "ओहोहो! बघा तरी कोण आलंय!" तिला मिठी मारली, गालाचे मुके घेतले. इतकं प्रेम त्यानं स्वतःच्या मुलीला दाखवलं नाही कधी.

भांडी घासताना मार्नी म्हणाली, "आजी, आजोबांना माझं नाव आठवलं नाही."

"मग तो मुका कुणाचा घेतला? टपालवाल्याचा?"

"नाव घेतलं का त्यांनी? एकदा तरी? आणि त्यांनी दोन शर्ट घातलेत, आजी. एकावर एक."

"थंडी आहे."

"डॉक्टरला दाखवू या ना."

"डॉक्टर काय सांगणार? म्हातारा झालाय. ते मी फुकट सांगते."

गप्प बसली. तिच्या आईसारखी आहे. गप्प बसून भांडते. मी तिला सांगितलं, तो रोज तालमीला जातो, दिग्दर्शक त्याच्यावरून जीव ओवाळून टाकतोय, डोकं गेलेला माणूस मुख्य काम करतो का? त्यावर ती म्हणाली, "आणि त्यांना आणायला-पोचवायला रोज कोण जातं?" मी जाते. गेल्या महिन्यापासून. पावसाचे दिवस आहेत, घसरायला होतं. त्यात काय एवढं?

बुधवार, ३० ऑक्टोबर

काल तिकीट लावून पहिला प्रयोग झाला. अजून उद्घाटन नाही, समीक्षक नंतर येतात. त्याआधी लोकांपुढे करून बघतात. मी शेवटच्या रांगेत.

पहिला अंक उत्तम. काय आवाज आहे मेल्याचा अजून! दुसऱ्या अंकात मुलगी विचारते, "बाबा, शेवटचं सांगा, बोट विकायची की नाही?" यानं "माझ्या मढ्यावरून" असं म्हणायचं असतं. म्हणेना. उभा. लोक श्वास धरून. मीही धरला, पण माझी कारणं वेगळी. मग यानं बाह्या सरसावल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई, पाणी उकळायला ठेवा! आणि स्वच्छ चादरी आणा!"

मला त्या क्षणी कळलं ते कुठलं. पूर्वी एका फिरत्या कंपनीत तो खेड्यातला डॉक्टर करायचा, बाळंतपणाचा प्रसंग होता. ओमाहाला बर्फात अडकलो होतो तेव्हा मी ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

मुलीचं काम करणारी सिलेस्ट मोठी हुशार. डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "बाबा, चहा नंतर. आधी बोटीचं बोला." प्रेक्षक जे हसले! टाळ्या पडल्या. मग त्याची गाडी आपोआप रुळावर आली.

आत गेले तर व्हॉस नाचत होता. "पाणी उकळायला ठेवा! काय सुचलं हो त्यांना! हे ठेवू या आपण!"

डन्फीबाई मात्र हसत नव्हत्या. त्या विंगेत उभ्या राहून सगळा प्रयोग सांभाळतात, केसांत कायम पेन्सिल. त्यांनी मला कपड्यांच्या आड ओढलं. "नेटी, त्यांच्या कानात एक छोटं यंत्र बसवू? अडले की मी इथून वाक्य सांगेन. मोठमोठे नट वापरतात."

मी ऑरिनला विचारलं. चेहऱ्यावरचा रंग पुसता पुसता थांबला. "कानात माशी घेऊन मी काम करायचं? त्यापेक्षा चिठ्ठी घाला माझ्या नावाची."

म्हणजे विषय संपला.

निघताना डन्फीबाईंनी हळूच विचारलं, "कधीपासून, नेटी?"

"काय कधीपासून?"

त्यांनी नुसता माझा हात दाबला. मला आवडत नाही कुणी हात दाबलेला. शेजारी क्लाइड बेनिंग बसला होता, ऑरिनचा बदली नट. गरीब माणूस, रोज येऊन शब्दकोडी सोडवतो. मी त्याच्याकडे बघितलं तर त्यानं मान खाली घातली. हातात शब्दकोडं नव्हतं. संहिता होती.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

काल उद्घाटन झालं. आज सकाळी मार्नी सगळी वर्तमानपत्रं घेऊन आली आणि मोठ्यानं वाचत सुटली. एकानं लिहिलंय, "प्रॅट यांच्या मौनात अख्खा समुद्र ऐकू येतो." दुसरा म्हणतो, पन्नास वर्षं हा नट आपल्यासमोर होता आणि आपण त्याचं नाव विचारलं नाही, लाज वाटायला हवी आपल्याला.

वाटायलाच हवी.

निर्मात्याचा फोन आला. बाहेरच्या पाटीवर नाटकाच्या नावाच्या वर ऑरिनचं नाव लावणार, दिव्यांत. बुधवारी अक्षरं येतील. वर! जन्मभर ते खाली होतं, "आणि इतर" च्या जरासं अलीकडे. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. गुडघे दुखत होते म्हणून.

ऑरिन टोस्ट खात होता. वर्तमानपत्रातला फोटो त्याच्यापुढे धरला. नीट बघितला त्यानं. म्हणाला, "कोण हा प्रॅट? बरा दिसतो की."

मार्नी रडायला लागली. ही आजकालची पोरं! आनंद झाला की रडतात. असले विनोद करायची तर त्याची जुनी सवय. एका सिनेमात स्वतःला मरताना बघून शेजारच्या बाईला म्हणाला होता, "फार वेळ लावतोय, नाही?"

सोमवार, ११ नोव्हेंबर

आज सुट्टी. सकाळी दाढी करून, टाय लावून टेबलाशी आला. मी अंडं ठेवलं तर उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. आमच्या लग्नात ओढली नव्हती.

"तुम्ही रोज येता इथं?"

"रोज. बिनपगारी."

हसला. "घरी कोण कोण असतं?"

"एक म्हातारा आहे. डोक्यावर बसलाय."

"त्रास देतो?"

"देतो तर! आयुष्यभर दिला."

माझ्या हातावर हात ठेवला. "सोडून द्या त्याला, डार्लिंग. तुमच्यासारखीला कुणीही मिळेल."

रंगात आला होता मेला. असंच बोलायचा तो, मी कारखान्याच्या दारातून बाहेर पडायचे आणि हा कुंपणाला टेकून उभा असायचा तेव्हा. यश मिळालं की पुरुष तरुण होतो म्हणतात. इतकं उशिरा मिळालं म्हणून काय झालं?

दिवसभर काहीतरी गुणगुणत होते मी. दुपारी लक्षात आलं, मग बंद केलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी मी अंडी उकडत होते. ऑरिन आला. अर्ध्या गालावर साबण, अर्धी दाढी झालेली. म्हणाला, "नेटी, वेंडेल कुठाय? शाळेला उशीर होईल त्याला."

नेटी म्हणाला. किती आठवड्यांनी. आणि त्यापुढे ते नाव. या घरात ते नाव मी सोडून कुणी घेत नाही, आणि मीसुद्धा मनातच घेते.

मी गॅस बंद केला. "वेंडेल मेला, ऑरिन."

"कधी?"

"ऑगस्टात." कोणत्या ते सांगितलं नाही.

तो खुर्चीत बसला. स्टेजवर रडतो तेव्हा त्याचे खांदे हलत नाहीत, आवाज मात्र शेवटच्या रांगेला ऐकू जातो. आज खांदे हलत होते आणि आवाज नव्हता. साबण गालावर वाळून पांढरा झाला. मी उभीच. शेवटी त्यानं विचारलं, "पुरायचं कधी?"

आणि मी म्हटलं, "आज."

का म्हटलं? म्हटलं. आणि पुढे म्हटलं, "पण आज बुधवार आहे. दोन प्रयोग आहेत तुझे."

हे मी मुद्दाम म्हटलं. मला ऐकायचं होतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, जसं काही मी वेडी आहे. "माझा मुलगा गेलाय, नेटी. चिठ्ठी घाला म्हणावं."

मी डन्फीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आज? अहो, माणसं शिडीवर चढलीत! नावाची अक्षरं लावताहेत. तिकिटं संपलीत." मी सांगितलं काय झालं ते. पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, "नेटी, ऐका. सांगा त्यांना, मुलगा शाळेत गेलाय. विसरतील. इथं आणून सोडा, कप्तानाचा कोट चढवला की मी पुढचं बघते. आज नाही आले तर निर्माते पुन्हा उभं करायचे नाहीत त्यांना. सगळं बाहेर येईल. कळतंय ना?"

कळत होतं. एक वाक्य होतं. मुलगा शाळेत गेलाय. दहा मिनिटांत विसरला असता, शीळ घालत बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या असत्या, आणि दुपारी आपल्या नावाच्या दिव्यांखालून आत गेला असता. ज्या नावासाठी त्यानं माझ्या पोराच्या मातीवरून उठून टॅक्सी पकडली होती, तेच नाव. अख्ख्या जगाचे संवाद म्हटले मी त्याच्यासाठी. हा एक म्हणवेना.

"घाला चिठ्ठी," म्हटलं, आणि फोन ठेवला.

उरलेली दाढी मी करून दिली. काळा सूट घातला त्याला, मीही काळं घातलं. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. पुलावर आलो तेव्हा त्याला राहवेना. "साहेब, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय हो! कोणत्या सिनेमात?"

ऑरिननं टोपी काढली. "मी तो, जो आधी मरतो."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. टॅक्सीवाला पोट धरधरून हसला.

दफनभूमीत वारा फार. वरून विमानं जात होती. वेंडेलचा दगड लहान आहे, बाजूच्या गवतात बुडतो. मी गवत उपटलं. ऑरिन टोपी हातात धरून माझ्या शेजारी उभा राहिला. खांद्याला खांदा लावून. हेच हवं होतं मला. याचीच वाट बघितली. तो उभा होता आणि घड्याळ बघत नव्हता. मी बघितलं. दोन वाजून गेले होते. तिकडे पडदा वर गेला असेल, क्लाइड कोट घालून उभा असेल, आणि प्रत्येकाच्या मांडीवर ती चिठ्ठी.

मला वाटलं होतं, तो असा शेजारी उभा राहिला की काहीतरी होईल. छातीवरचं उतरेल, निदान रडू येईल. काही झालं नाही. गुडघे गार पडले.

मग तो माझ्याकडे वळला. माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे कोरडे, चेहरा सुरेख, आवाज तो, न्यायाधीशाचा.

"फार वाईट झालं, बाई. तुमचा मुलगा होता?"

"हो."

"केवढा होता?"

"आठ वर्षांचा."

"माझाही तेवढाच आहे एक," तो म्हणाला. "फार खोडकर. घरी वाट बघत असेल."

तो मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहिला, आठवायचा प्रयत्न करत. मग म्हणाला, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय मी. कोणत्या नाटकात होता तुम्ही?"

"सगळ्याच," मी म्हटलं. "संवाद नव्हते मला."

त्यानं आदरानं मान लववली. "ती कामं फार अवघड असतात."

परतीची टॅक्सी लवकर मिळेना. बसनं आलो.

सोमवार, २५ नोव्हेंबर

मार्नीनं शेवटी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं ऑरिनला विचारलं, देशाचा अध्यक्ष कोण? ऑरिननं मिस्कील हसून विचारलं, "तुम्हाला कोण आवडेल?" डॉक्टर हसला. मग मला बाहेर बोलावून सांगितलं. ते लिहीत नाही. मी फुकट सांगितलं होतं त्याच्यापेक्षा फार वाईट होतं.

चिठ्ठ्या पहिले काही दिवस घातल्या, आता त्याही नाहीत. नवी कार्यक्रमपत्रिका छापली, क्लाइडच्या नावाची. दिव्यांतली अक्षरं त्याच आठवड्यात उतरवली. मार्नी म्हणाली, आजी, बुधवारी संध्याकाळी लावलेली होती, मी फोटो काढून ठेवलाय. मी बघितला नाही. व्हॉसचा फोन आला होता. म्हणाला, क्लाइड सगळे शब्द बरोबर म्हणतो, पण नाटक फार लवकर संपतं.

आज जेवण झाल्यावर मी टेबल पुसलं. ऑरिन खुर्चीत येऊन बसला, हात टेबलावर, पाठ ताठ, बसायचा तसा. वाट बघायला लागला. काय करणार? संहिता काढली. मी मुलीचं वाक्य म्हटलं, "बाबा, शेवटचं सांगा, बोट विकायची की नाही?"

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. व्हॉस असता तर टाळ्या वाजवल्या असत्या.

मग कप्तानाचं वाक्यही मीच म्हटलं. मग मुलीचं, मग पुन्हा कप्तानाचं. वाण्याची यादी वाचावी तसं. दोन्हीकडून भांडत होते आणि तो मन लावून ऐकत होता. पान उलटताना त्यानं बोट उचलून मला थांबवलं.

"शब्द चोख आहेत तुमचे, डार्लिंग," तो म्हणाला. "पण इतकी घाई नको. पुढचं म्हणायच्या आधी जरा थांबत जा."

मी थांबले. बराच वेळ. पुढचं वाक्य माझ्यासमोर लिहिलेलं होतं, तरी म्हणता येईना.

"सुंदर," तो म्हणाला.